दंडावर औषध, ओठावर गुण? तापाच्या फोडांवरचं एक संशोधन

अंबाझरीकर

नवतपा लागला की ओठाच्या कडेला पाणी भरलेल्या बारीक फोडांचा पुंजका घेऊन फिरणारी माणसं नागपुरात हमखास दिसतात. कोणी म्हणतं उष्णता झाली, कोणी म्हणतं झोपेत तोंडावरून कोळी फिरला, कोणी म्हणतं अंगातला ताप ओठावर निघाला. शेवटचं म्हणणं त्यातल्या त्यात खऱ्याच्या जवळ आहे, कारण ताप हे एक निमित्त असतंच. करता करविता मात्र हर्पिस सिम्प्लेक्स विषाणू, प्रकार १.

मी बरीच वर्षं महाविद्यालयात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवलं. मुलं दरवर्षी एकच प्रश्न विचारत: सर, हा विषाणू इतक्यांच्या अंगात आहे, मग फोड काहींनाच का येतात? प्रश्न अगदी मर्मावर बोट ठेवणारा आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार ५० वर्षांखालच्या सुमारे ३८० कोटी लोकांना, म्हणजे त्या वयोगटातल्या ६४ टक्के लोकांना, या विषाणूचा संसर्ग आहे. बहुतेकांना तो लहानपणीच होतो, घरच्यांच्या लाळेतून, पाप्यांतून. नंतर विषाणू ओठाच्या मज्जातंतूतून मागे मागे सरकत कवटीच्या तळाशी असलेल्या एका चेतागाठीत जाऊन बसतो आणि जन्मभर तिथेच राहतो. त्याला तिथून कायमचं हुसकणारं औषध आजही नाही.

पण तिथे तो मोकाट नसतो. त्या गाठीत आपल्या टी पेशी, म्हणजे प्रतिकारशक्तीच्या पांढऱ्या पेशी, मुख्यत्वे सीडी८ प्रकारच्या, त्याच्याभोवती पहारा देतात. चेतापेशी मारून टाकली तर ती पुन्हा मिळत नाही, म्हणून या पेशी मारामारी न करता इंटरफेरॉन गॅमासारखे पदार्थ सोडून विषाणूला दाबून ठेवतात. ओठाच्या त्वचेतही जुन्या फोडाच्या जागी काही टी पेशी मुक्काम ठोकून असतात. ऊन, ताप, जागरण, पाळी, दाताचं काम, मानसिक ताण यांपैकी काही घडलं आणि पहारा सैल पडला की विषाणू तंतूतून परत ओठावर येतो. म्हणजे ज्याला महिन्या-दोन महिन्यांनी फोड येतो आणि ज्याला कधीच येत नाही, त्या दोघांच्या अंगात विषाणू तोच असतो. फरक पहाऱ्यात असतो.

आता दुसरा धागा. काही रसायनं अशी असतात की त्यांचे रेणू अगदी छोटे, एकटे असताना शरीर त्यांची दखलही घेत नाही. पण ती त्वचेतल्या प्रथिनांना चिकटली की शरीराला ते प्रथिन परकं वाटायला लागतं. अशा रसायनाला हॅप्टेन म्हणतात. त्वचेतल्या लँगरहान्स पेशी आणि त्यांच्या भाऊबंद पेशी ही खबर जवळच्या लसिकाग्रंथीत नेतात, तिथे टी पेशी तयार होतात. याला साधारण आठवडा-दोन आठवडे लागतात आणि तोवर वरून काहीच दिसत नाही. नंतर तेच रसायन पुन्हा लागलं की एक-दोन दिवसांत तिथे लाली, खाज, फोड. रक्तगट शोधणाऱ्या कार्ल लँडस्टायनरने १९३५ मध्ये जेकब्ज या सहकाऱ्याबरोबर गिनीपिगवर अशा रसायनांचे प्रयोग केले. पुढे १९४२ मध्ये लँडस्टायनर आणि चेस यांनी दाखवलं की ही ॲलर्जी एका प्राण्यातून दुसऱ्यात नेता येते, पण रक्तद्रवाने नाही, पेशींनी. पेशींवर चालणाऱ्या प्रतिकारशक्तीचा अभ्यास तिथून खऱ्या अर्थाने मार्गी लागला.

हे दोन धागे एकत्र आले ते स्क्वेरिक ॲसिड डायब्युटिल एस्टर या रसायनात. नाव लांबलचक आहे, म्हणून सगळे एसएडीबीई म्हणतात. चाई आणि चामखीळ यांवर त्वचारोगतज्ज्ञ ते खूप वर्षांपासून वापरतात. अमेरिकेतल्या काही संशोधकांनी ते ओठाच्या फोडांसाठी वापरून पाहिलं, आणि लावलं कुठे, तर दंडाच्या आतल्या बाजूला. २ टक्क्यांचं द्रावण, एकदाच. ज्यांना फोड वरचेवर येतात अशा लोकांत काहींना खरं औषध, काहींना नुसतं द्रावक. खरं औषध लागलेल्यांना पुढचा फोड उशिरा आला. २०१७ मध्ये हे जामा डर्मॅटॉलॉजीत छापून आलं. नंतरच्या कामात त्याच गटाने रक्तातल्या पेशी तपासल्या आणि औषधानंतर विषाणूविरुद्धचा प्रतिसाद इंटरफेरॉन गॅमाच्या बाजूला झुकल्याचं मांडलं.

मला यात मोलाचं वाटतं ते हे: दंडावरची ॲलर्जी आणि ओठावरचा विषाणू यांचा रसायन म्हणून एकमेकांशी काहीही संबंध नाही. तरी एकीकडे पेटवलेला प्रतिसाद दुसरीकडे कामी येतो असं दिसतं. आपण ‘प्रतिकारशक्ती वाढवा’ असं नुसतं म्हणत राहतो. ती वाढवणं-कमी करणं यापेक्षा ती कोणत्या दिशेला वळते हे महत्त्वाचं. ॲलर्जी असणाऱ्याची प्रतिकारशक्ती कमी नसते, ती तिथे नको इतकी असते.

जाणकारांनी यावर लिहावं. ज्यांना हा त्रास आहे त्यांनीही.

भिवापुरी_मिरची

सर, लेख आवडला. माझ्या लहान भावाला दर महिन्याला ओठावर उठून राहिलं. आमची आजी म्हणे बिब्बा म्हणजे सगळ्या रोगांचा राजा. तुमचं वाचून वाटलं, ते औषध अमेरिकेत भेटते, बिब्बा तर आपल्या इथल्या जंगलातच आहे. तोही ॲलर्जीच आणतो ना? दंडावर थोडासा लावून पाहावा काय?

मेडिकलचौक

नाही. भाऊ, कृपा करून लावू नका. मी नागपुरातच त्वचारोगाची प्रॅक्टिस करते आणि बिब्बा उतलेले रुग्ण दरवर्षी पाहते. म्हणून सविस्तर लिहिते.

तुमचा तर्क चुकीच्या दिशेने गेलेला नाही. बिब्ब्याच्या सालीतल्या तेलात भिलावनॉल असतं आणि ते जबरदस्त ॲलर्जी आणणारं रसायन आहे, हॅप्टेनच. पण ते आधी त्वचा सरळ भाजतं आणि ॲलर्जी नंतर आणतं. किती टक्के तेल लागलं, कुठपर्यंत पसरलं, यावर आपला काहीच ताबा नसतो. एका बाईंच्या गुडघ्यावर दुखण्यासाठी बिब्ब्याचा चटका दिला होता. गुडघ्यावर काळा डाग, त्याच्याभोवती लाल भडक कडं आणि फोड, तेल ओघळून पोटरीपर्यंत गेलेल्या पट्ट्यातही फोड. तिसऱ्या दिवशी डोळे उघडत नव्हते इतका चेहरा सुजला, आणि चेहऱ्याला तर बिब्बा लागलाच नव्हता. हातांनी पोचला. भिलावनॉलने मूत्रपिंडाला इजा झाल्याचीही उदाहरणं वैद्यकीय साहित्यात आहेत.

आणि ही ॲलर्जी एकदा जडली की जात नाही. बिब्बा, आंबा, काजू हे एकाच कुळातले. बिब्ब्याची ॲलर्जी झालेल्याला पुढे आंब्याचा चीक किंवा काजूच्या टरफलाचं तेलही उतू शकतं. उन्हाळ्यात आंबा बंद, म्हणजे विदर्भात काय शिक्षा ते तुम्हीच सांगा.

एसएडीबीई निवडलं गेलं तेही उगाच नाही. चाईसाठी सत्तरच्या दशकात डीएनसीबी नावाचं रसायन वापरायचे. जिवाणूंवरच्या एम्स चाचणीत ते जनुकीय बदल घडवतं असं दिसलं आणि ते मागे पडलं. एसएडीबीई आणि चाईवरच वापरलं जाणारं डीपीसीपी नावाचं दुसरं रसायन या चाचणीत तसे आढळले नाहीत. शिवाय ही दोन्ही रसायनं आपल्याला रोजच्या जगण्यात कुठे लागत नाहीत, त्यामुळे ॲलर्जी झाली तरी पुढे अडचण नाही. बिब्बा, केसांचा डाय, निकेल यांचं तसं नाही.

जरीपटका_आजी

डॉक्टर बाई बरोबर सांगून राहिल्या. आमच्या घरी गोडंबी, म्हणजे बिब्ब्यातली बी, फोडायचं काम असलं की हाताला आधी खोबरेल तेल चोपडायचं आणि पोरांना अंगणात पाठवून द्यायचं. गोडंबी लाडवात गोड लागते, पण टरफलाच्या वाटेला जाऊ नये. आजीच्या बटव्यातलं सगळंच सौम्य असते असं नाही, बाप्पा.

आकडेमोड

अंबाझरीकर, मांडणी उत्तम. पण या संशोधनाकडे मी थोडा हात राखून पाहतो. दोन कारणं.

एक, वरचेवर उठणाऱ्या आजाराच्या चाचणीत माणसं कधी नाव नोंदवतात? त्रास शिगेला पोचलेला असतो तेव्हा. त्यानंतरचं वर्ष, काही न करताही, बऱ्याचदा बरं जातं. म्हणून तर तुलनेचा गट लागतो, आणि तो इथे होता, ही जमेची बाजू. या आजारात पूर्वी देवीची लस पुन्हा पुन्हा टोचून पाहिली गेली, रुग्ण खूश होते. नीट तुलना केली तेव्हा ते यश लशीचं नव्हतं असं दिसलं.

दोन, आणि हे जास्त अवघड आहे. चाचणी आंधळी म्हणजे कोणाला काय लागलं हे ना रुग्णाला माहीत, ना डॉक्टरला. पण ज्याच्या दंडावर लाली आली, खाज सुटली, त्याला खरं औषध लागल्याचं कळणारच. ओठ चुणचुणला तर हा फोड धरायचा की नाही हे काही अंशी रुग्णाच्या सांगण्यावर असतं. अशा वेळी मनाची खात्री आकड्यांत शिरू शकते. म्हणून मला फोडातला विषाणू प्रयोगशाळेत मोजलेला जास्त भावेल, तोही शेकडो रुग्णांत.

अंबाझरीकर

दुसरा मुद्दा मान्य, आणि तो मी लेखात घालायला हवा इतका महत्त्वाचा आहे. अभ्यास लहान आहे आणि फोडांसाठी हे औषध म्हणून मंजूर झालेलं नाही. माझं म्हणणं इतकंच की दिशा आशेची आहे. रोज गोळी घेण्याऐवजी वर्षातून काही वेळा दंडाला औषध, हे ज्यांना खूप त्रास आहे त्यांच्यासाठी केवढी सोय होईल.

आणि हा विचार आपल्याकडे अगदी परका नाही. चामखिळीवर गोवर-गालगुंड-रुबेलाची लस टोचण्याचा उपचार भारतातले त्वचारोगतज्ज्ञ करतात. एका चामखिळीत टोचतात, आणि कधी कधी दूरच्या बोटावरच्याही गळून पडतात. तत्त्व तेच, शरीराला ओळखीचं काहीतरी दाखवून तिथल्या विषाणूकडे लक्ष वेधायचं.

संत्राबर्फी

माझ्या मुलाला चाईसाठी डीपीसीपी लावत होते, त्यामुळे हे जवळून पाहिलंय. डॉक्टर तपकिरी बाटली कपाटातून काढायच्या, उजेडात ते बिघडतं म्हणून. स्वतः हातमोजे, कापसाच्या काडीने द्रावण. पहिल्यांदा टाळूवर चारेक सेंटिमीटरच्या चौकोनात २ टक्क्यांचं. दोन आठवड्यांनी खरा उपचार सुरू झाला तो एकदम पातळ द्रावणाने, आणि मग दर आठवड्याला ताकद हळूहळू वाढवायची. लावल्यावर दोन दिवस डोकं धुवायचं नाही, टोपी घालून राहायचं. बारा वर्षांच्या पोराला नागपूरच्या एप्रिलमध्ये टोपी! पण त्याने सांभाळलं.

थोडी लाली, थोडी खाज हवीच, असं त्या म्हणायच्या. एकदा जास्त झालं, कानामागे सुपारीएवढी गाठ आली, मानेवर फोड. त्या आठवड्याला लावलंच नाही, पुढे ताकद कमी केली. केस बऱ्यापैकी आले, एका ठिकाणी मात्र आले नाहीत. सांगायचं एवढंच की दर वेळी मागची प्रतिक्रिया पाहूनच पुढची ताकद ठरत होती. हे घरी करण्याचं काम नाही.

बरं, आता चाईवर नव्या गोळ्या निघाल्यात म्हणतात. त्यांचं आणि या फोडांचं काही आहे का?

मेडिकलचौक

आहे. त्या जॅक इनहिबिटर गटातल्या. बॅरिसिटिनिबला अमेरिकेत २०२२ मध्ये तीव्र चाईसाठी मंजुरी मिळाली. या गोळ्या ज्या संकेतांना थोपवतात त्यांत इंटरफेरॉनचे संकेतही येतात, म्हणून हर्पिसचे फोड आणि नागीण उठण्याचा धोका त्यात वाढतो. ज्यांना ओठावर वरचेवर येतं त्यांनी ही गोळी सुरू करण्याआधी डॉक्टरांना आवर्जून सांगावं. अंबाझरीकरांनी पहाऱ्याबद्दल लिहिलं त्याचा हा उलटा पुरावाच म्हणा.

गोरेवाडा

डॉक्टर, माझा प्रश्न साधा आहे. मागच्या वर्षी ओठावर आलं तेव्हा गल्लीतल्या मेडिकल स्टोअरवाल्याने एक ट्यूब दिली. सगळ्याला चालते म्हणाला. पहिल्या दिवशी आग थांबली, तिसऱ्या दिवशी फोड नाकपुडीपर्यंत. ट्यूबवर क्लोबेटासॉल लिहिलं होतं. असं कशानं झालं?

मेडिकलचौक

क्लोबेटासॉल हे अत्यंत तीव्र स्टेरॉइड. ते त्वचेतल्या त्याच टी पेशींना झोपवतं ज्या विषाणूला रोखतात. सूज उतरते म्हणून पहिल्या दिवशी बरं वाटतं, आणि विषाणूला रान मोकळं मिळतं. आपल्याकडे स्टेरॉइड, बुरशीचं औषध आणि अँटिबायोटिक एकत्र असलेल्या ट्यूबा सर्रास विनाचिठ्ठी विकल्या जातात. गजकर्णात त्यांनी जो हाहाकार केला तो आम्ही रोज पाहतो.

फोडासाठी उपयोगी गट म्हणजे ॲसायक्लोव्हिर आणि त्याचा भाऊ व्हॅलासायक्लोव्हिर. ॲसायक्लोव्हिरच्या पाठीमागे गर्ट्रूड एलियन यांचं काम आहे, त्यांना १९८८ चं नोबेल विभागून मिळालं. औषधाची खुबी अशी की ते विषाणूच्याच एका एन्झाइमने जागं होतं, त्यामुळे संसर्ग नसलेल्या पेशींना जवळजवळ धक्का लागत नाही. पण वेळ साधली पाहिजे. ओठ चुणचुणतो, खाजतो, ताणल्यासारखा वाटतो तेव्हाच सुरू केलं तर फायदा. खपली धरल्यावर गोळी घेऊन फारसं काही पदरात पडत नाही. वर्षातून बरेचदा येत असेल तर रोजची कमी मात्राही देता येते. गोळीचा डोस इथे लिहीत नाही, कारण मूत्रपिंडाचा आजार असला तर तो बदलतो.

दुसरं म्हणजे ऊन. १९९१ मध्ये लॅन्सेटमध्ये आलेल्या एका प्रयोगात, ज्यांना उन्हाने फोड येतात अशा ३८ जणांच्या ओठांवर अतिनील प्रकाश टाकला. नुसतं साधं मलम लावलेलं असताना ७१ टक्क्यांना फोड आले, सनस्क्रीन लावलेलं असताना एकालाही नाही. प्रत्यक्ष उन्हात इतकं चोख जमेल असं नाही, कारण घाम येतो, आपण ओठ चाटतो, पाणी पितो. तरी मार्च ते जून ओठांना सनस्क्रीनचा बाम लावावा आणि दर दोन तासांनी पुन्हा लावावा. दुपट्ट्याचाही उपयोग आहेच.

धंतोली_पार्लर

मला केसांच्या डायची ॲलर्जी आहे, काळ्या मेहंदीनेही हात फुटले होते. आणि ओठावरही मला वर्षातून तीन-चार वेळा येतं. सरांच्या लेखाप्रमाणे ॲलर्जीने विषाणू दबायला हवा होता ना?

अंबाझरीकर

चांगला प्रश्न. संशोधनातलं औषध ठरावीक मात्रेत, ठरावीक जागी, एकदाच लावलं होतं. रोजच्या संपर्कातून झालेल्या ॲलर्जीने ओठाचे फोड कमी होतात असा निष्कर्ष त्यातून निघत नाही. डायमधलं पीपीडी हे रसायन एकदा अंगाला चिडलं की दर वेळी जास्तच चिडू शकतं. तुम्ही रोज दुसऱ्यांच्या केसांना डाय लावता, तेव्हा नायट्राइलचे हातमोजे घाला.

मेडिकलचौक

यात भर घालते. ओठावर आलेलं दर वेळी विषाणूचंच असेल असं नाही. पार्लरमध्ये काम म्हणजे लिपस्टिक, लिप बाम, सुगंधी द्रव्यं. त्यांची ॲलर्जीही ओठावर येते. मे महिन्यात तर आंबा चोखताना देठाचा चीक लागून ओठाभोवती पुरळ उठतं आणि लोक त्याला तापाचे फोड समजतात. चिकाचं पुरळ बहुधा दोन्ही बाजूंना, हनुवटीवरही, खाज जास्त. विषाणूचं एका बाजूला, एका पुंजक्यात, दर वेळी जवळपास त्याच जागी, आधी चुणचुण आणि मग दुखरं. शंका असेल तर पॅच टेस्ट करून घ्या. पाठीवर पट्ट्या ४८ तास ठेवतात, पुढेही पुन्हा एकदा वाचतात. फक्त भर उन्हाळ्यात नको. घामाने पट्ट्या सुटतात. दिवाळीनंतर या.

भिवापुरी_मिरची

बिब्ब्याचं डोक्यातून काढून टाकलं. भावाला घेऊन स्किनच्या ओपीडीला जातो. एक सांगा, सावजी खाल्ल्याने उठते असं आई म्हणते. बंद करावं काय?

मेडिकलचौक

तिखटाने विषाणू जागा होतो याला आधार नाही. फोड उघडा असताना रस्सा लागला तर जीव जाईल इतकी आग होईल, तेवढे दिवस राहू द्या. जागरण आणि भर उन्हातली गाडी मात्र खरंच कमी करायला सांगा.

नवी_आई

सगळं वाचलं. माझं बाळ वीस दिवसांचं आहे. उद्या बारशाला माझे दीर येणार आहेत आणि त्यांच्या ओठावर आजच फोड आलाय. आधीच नाही म्हटलं तर घरात वाईट वाटेल. काय करू?

मेडिकलचौक

ताई, वाईट वाटलं तरी चालेल, नाहीच म्हणा. नवजात बाळात हा विषाणू मेंदू आणि यकृतापर्यंत जाऊ शकतो आणि जिवावर बेतू शकतं. बाळाच्या टी पेशींचा पहारा अजून उभाच राहिलेला नसतो. दिरांनी बाळाची पापी घ्यायची नाही, तोंडाजवळ तोंड न्यायचं नाही. खपली पूर्ण पडून खाली नवी त्वचा येईपर्यंत, म्हणजे साधारण आठ-दहा दिवस, बाळाला कडेवर न घेतलेलं उत्तम. बारशाला आले तर लांबून पाहावं, मास्क लावावा, फोडाला हात लावू नये आणि हात साबणाने धुवावेत. घरात सांगायला जड जात असेल तर माझं हे उत्तर दाखवा, डॉक्टरने सांगितलं म्हणा.

बाळ दूध ओढेना, सुस्त वाटलं, ताप आला किंवा अंग गार पडलं, झटके आले किंवा अंगावर एक जरी पाण्याचा फोड दिसला तर सकाळची वाट न पाहता थेट बालरोग विभागात न्या आणि घरात कोणाला ओठावर फोड होता हे आधी सांगा. तुम्हाला स्वतःला ओठावर आलं तर अंगावर पाजायला हरकत नाही. छातीवर फोड नसावा, मास्क बांधा आणि हात धुवा.

नवी_आई

दिरांना आत्ताच फोन केला. ते म्हणाले बारसं होऊ द्या, मी पंधरा दिवसांनी येतो.